दर उन्हाळ्यात लागणारी ‘उन्हाळी’ आणि पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा

ताई, तुम्ही लिहिले आहे की तुमचे वय ४९ आहे, शेवटची पाळी येऊन १४ महिने झाले आहेत आणि गेल्या आठ-नऊ महिन्यांपासून खालच्या जागी कोरडेपणा, चरचर आणि बराच वेळ बसल्यावर टोचल्यासारखे वाटणे सुरू आहे. संबंधाच्या वेळी इतके दुखते की तुम्ही काही ना काही निमित्त काढून ते टाळू लागला आहात, आणि यजमानांना वाटते की तुमचे मन त्यांच्यावरून उडाले. लघवी करताना जळजळते म्हणून घरच्यांनी ‘उन्हाळी लागली’ असे ठरवून धने-जिऱ्याचे पाणी आणि सब्जा दिला. औषधाच्या दुकानातून बुरशीवरच्या गोळ्या तीन वेळा आणून तुम्ही योनिमार्गात ठेवल्या, आणि रोज एका सुगंधी द्रवाने जागा धुता. शेवटी एका डॉक्टरांनी एस्ट्रिऑल या स्त्री-संप्रेरकाचे मलम लिहून दिले, परंतु खोक्यातील पत्रकात ‘कर्करोग’ हा शब्द वाचून तुम्ही ते कपाटात ठेवून दिले. आता तुमचा प्रश्न असा आहे की हे मलम लावावे की खोबरेल तेलावर भागेल, आणि हा त्रास कालांतराने आपोआप जाईल का.

उत्तरे आधी थोडक्यात देते. हा त्रास आपोआप जाण्याची वाट पाहू नका, कारण उपचार न केल्यास तो बहुधा वाढतो. ते मलम बहुसंख्य स्त्रियांसाठी सुरक्षित आहे. ज्यांच्या बाबतीत थांबून विचार करावा लागतो, त्यांच्याविषयी पुढे लिहिले आहे. खोबरेल तेलाचा उपयोग होतो, पण तो घर्षण कमी करण्यापुरताच. तरीही तुमची खरी अडचण मलम निवडण्याची आहे असे मला वाटत नाही. घरच्यांनी याला उन्हाळी म्हटले, दुकानदाराने बुरशी म्हटले, यजमानांनी मन उडाले असे मानले आणि प्रत्येकाने आपापल्या समजुतीनुसार इलाज केला. तपासणीच्या टेबलावर कोणी तुमची नीट तपासणी केली, असा उल्लेख तुमच्या लिहिण्यात कुठेही नाही. सोलापुरात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून वीसहून अधिक वर्षे काम करताना मी हेच पुन्हा पुन्हा पाहिले आहे. त्रास एक असतो, त्याला नावे चार मिळतात आणि खरे नाव सर्वांत शेवटी.

हे घडते कसे, ते समजले की पुढचे बरेचसे आपोआप उलगडते. योनिमार्गाचे अस्तर हे अनेक थरांचे, घड्या पडलेले आणि ताणले जाऊ शकणारे कातडे असते. ते तसे राहावे, त्यातून रक्तपुरवठा चांगला व्हावा आणि आतून ओलावा झिरपावा यासाठी इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक लागते. त्याच्या प्रभावाखाली अस्तराच्या पेशींत ग्लायकोजेन नावाची साखर साठते. लॅक्टोबॅसिलस जातीचे उपकारक जिवाणू तिच्यावर जगतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. म्हणून पाळी चालू असलेल्या वयात योनिमार्गाचे पीएच मूल्य ३.५ ते ४.५ च्या आसपास, म्हणजे चांगलेच आम्लधर्मी असते. विरजण नीट लागलेल्या दह्यात दुसरे काही सहसा वाढत नाही, तसेच इथेही होते. बीजकोशांचे काम थांबले की इस्ट्रोजेन उतरते, पेशींतील साखर कमी होते, लॅक्टोबॅसिलस घटतात आणि पीएच ५ च्या वर जाते, म्हणजे आम्लता घटते. त्याच सुमारास अस्तर पातळ होते, घड्या सपाट होतात, लवचीकपणा जातो, आणि हलक्या घर्षणानेही बारीक चिरा पडतात. तुम्हाला जाणवणारी चरचर ही बहुधा या चिरांची आणि उघड्या पडलेल्या मज्जातंतूंची आहे.

आता लघवीच्या जळजळीकडे वळू. मूत्रमार्ग आणि मूत्राशयाचा खालचा भाग योनिमार्गाच्या शेजारीच आहेत आणि त्यांनाही इस्ट्रोजेनची तितकीच गरज असते. तेही पातळ आणि हळवे होतात. त्यामुळे लघवी करताना जळजळणे, वारंवार जावे लागणे, आली की थोपवता न येणे आणि पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग होणे हे सगळे कोरडेपणाच्याच कुटुंबातले आहे. म्हणूनच २०१४ मध्ये या विषयातील दोन वैद्यकीय संस्थांनी ‘योनिमार्ग सुकणे’ अशा अर्थाचे जुने नाव बाजूला ठेवले आणि जननेंद्रिये व मूत्रमार्ग या दोघांना एकत्र घेणारे नाव सुचवले, ज्याला आम्ही डॉक्टर ‘जीएसएम’ (जेनिटोयूरिनरी सिंड्रोम ऑफ मेनोपॉज) म्हणतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो, घामाने शरीरातील पाणी कमी होते, लघवी दाट होते आणि ती कोणालाही जळजळते, हे खरेच आहे. पण साधी उन्हाळी पाणी वाढवल्यावर एक-दोन दिवसांत उतरते. पाळी गेलेल्या बाईला दर उन्हाळ्यात ती लागत असेल आणि दिवाळीनंतरही राहत असेल, तर ऋतूला दोष देऊन चालणार नाही. धने-जिऱ्याचे पाणी जरूर प्या, त्याने नुकसान काहीच नाही. मात्र पातळ झालेले अस्तर त्याने जाड होत नाही.

रजोनिवृत्तीच्या इतर त्रासांपेक्षा हा वेगळा का, हेही सांगायला हवे. अंगातून वाफा निघणे, रात्री घाम फुटणे, झोप मोडणे हे त्रास काही वर्षांनी बहुतेकींच्या बाबतीत ओसरतात, कारण मेंदूतील तापमानाचे केंद्र कमी इस्ट्रोजेनला हळूहळू सरावते. योनिमार्गाचे अस्तर असे सरावत नाही. इस्ट्रोजेन मिळाले नाही, तर ते वर्षागणिक अधिकच पातळ होते. तुमच्या जाऊबाईंनी ‘वय झाले, सोसायचे’ असा जो सल्ला दिला, तो त्यांच्या दृष्टीने मायेचाच असेल, पण वैद्यकीयदृष्ट्या तो चुकीचा आहे. पाळी गेलेल्या स्त्रियांपैकी साधारण निम्म्या जणींना हा त्रास कमी-अधिक प्रमाणात होतो. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी, म्हणजे पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा चार-पाच वर्षे आधीच थांबते. पुढची तीस वर्षे हे सोसत काढायची, असा त्या सल्ल्याचा अर्थ होतो.

आता परिस्थितीनुसार उत्तर कुठे बदलते, ते पाहू. तुम्ही न सांगितलेल्या काही गोष्टींवर बरेच अवलंबून आहे.

पहिली गोष्ट मधुमेहाची. तुम्हाला साखर आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही. पाळी गेल्यानंतर आणि हार्मोनचे औषध चालू नसताना बुरशीचा संसर्ग तुलनेने कमी होतो, कारण बुरशीलाही पेशींतली ती ग्लायकोजेनची साखर आणि तेच जाड अस्तर आवडते. त्यामुळे तुमच्या वयाच्या बाईने ‘खाज आणि जळजळ’ असे सांगितले की लगेच बुरशीची गोळी देणे बहुतेक वेळा चुकते. ती गोळी कोरड्या अस्तरावर स्वतःच चुरचुरते आणि त्रासात भर घालते. पण साखर वाढलेली असेल, किंवा मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर बुरशी खरोखर असू शकते. अशा वेळी मी स्राव काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहते आणि उपाशीपोटीची साखर व एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर) तपासते. या दोन साध्या तपासण्या तुमच्या पहिल्या गोळीच्या आधी व्हायला हव्या होत्या.

दुसरी गोष्ट बाहेरच्या कातड्याची. तिथे पांढरे, चकचकीत, सिगारेटच्या कागदासारखे पातळ चट्टे दिसत असतील आणि रात्री खाज असह्य होत असेल, तर तो लायकेन स्क्लेरोसस हा कातडीचा वेगळा आजार असू शकतो. त्याला इस्ट्रोजेनचे मलम उपयोगाचे नाही. तीव्र स्टिरॉइडचे मलम ठरावीक पद्धतीने लावावे लागते. वर्षानुवर्षे दुर्लक्ष केल्यास त्या जागी कर्करोग होण्याचा थोडा धोका असतो, म्हणून तो ओळखणे महत्त्वाचे आहे. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हा फरक कोणालाच सांगता येत नाही, मलाही नाही. केवळ वर्णन ऐकून मी तुम्हाला औषध सांगत नाही, त्याचे मुख्य कारण हेच.

तिसरी गोष्ट रक्तस्रावाची, आणि इथे मी कोणतीही सवलत देत नाही. पाळी बंद होऊन १२ महिने उलटल्यावर एक डाग जरी दिसला, संबंधानंतर कपड्याला पुसटसा गुलाबी रंग जरी लागला, तरी आधी तपासणी. बहुतेक वेळा ते कोरड्या अस्तराच्या चिरांमुळेच असते. पण गर्भाशयाच्या अस्तराचा किंवा गर्भाशयमुखाचा कर्करोगही असाच सुरू होतो. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या अस्तराची जाडी पाहणे, गर्भाशयमुखाची तपासणी करणे आणि गरज वाटल्यास आतला नमुना घेणे एवढे झाल्याशिवाय मी मलमाची चिठ्ठी लिहीत नाही. ‘पाळी परत आली’ म्हणून आनंदाने ओटी भरून आलेली एक बाई मी पाहिली आहे. ती तीन महिने उशिरा आली होती, आणि त्या तीन महिन्यांची किंमत मोठी होती.

पिशवी काढलेल्या भगिनींसाठी एक ओळ जोडते, कारण आपल्या जिल्ह्यात, विशेषतः ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत, तिशी-पस्तिशीतच पिशवी काढलेल्या बायका मला नेहमी भेटतात. पिशवीबरोबर दोन्ही बीजकोशही काढले असतील, तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते आणि कोरडेपणा लवकर व तीव्र होतो. बीजकोश ठेवले असले तरी ते काहींच्या बाबतीत अपेक्षेपेक्षा लवकर थकतात, आणि पाळी नसल्यामुळे ते कळायला दुसरी खूणच उरत नाही. शस्त्रक्रियेचा कागद घरात असेल, तर तो तपासणीला बरोबर न्यावा. इतक्या कमी वयात बीजकोश गेलेल्या बाईला केवळ मलम पुरत नाही. तिच्या हाडांचा आणि हृदयाचा विचारही करावा लागतो.

तपासणी झाली आणि वरच्यापैकी काही नसून हा इस्ट्रोजेनच्या कमतरतेचाच कोरडेपणा आहे असे ठरले, असे धरून पुढे लिहिते. मी उपचाराची सुरुवात औषधाने करत नाही, काही गोष्टी बंद करण्याने करते. तो सुगंधी द्रव आजच बंद करा. योनिमार्ग आतून धुण्याची गरज कोणत्याच वयात नसते; बाहेरची जागा साध्या, कोमट पाण्याने धुणे पुरेसे आहे. साबण, डेटॉलसारखी जंतुनाशके, तुरटीचे पाणी, अत्तर, रोज वापरायचे सुगंधी पॅड यांपैकी काहीही नको. जाहिरातीत ‘पीएच संतुलित’ असे लिहिलेले असले, तरी फेस आणणारे रसायन आणि सुगंध कोरड्या अस्तराला सोसत नाहीत. अंतर्वस्त्र सुती आणि सैल असावे, आणि ते धुतल्यावर साबण राहू नये म्हणून शेवटी स्वच्छ पाण्यातून काढावे. आपल्या शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येते तेव्हा दोनदा खळबळून कपडे धुवा असे सांगणे मला जड जाते, पण निदान एवढ्या एका कपड्यापुरते पाणी राखून ठेवा. नुसते धुणे थांबवल्यावर पंधरा दिवसांत चरचर अर्ध्यावर आली, असे सांगणाऱ्या बायका मला दरवर्षी भेटतात.

आता तुमच्या खोबरेल तेलाविषयी. इथे दोन वेगवेगळ्या वस्तूंची गल्लत होते. संबंधाच्या वेळी घर्षण कमी व्हावे म्हणून त्या क्षणी लावायचे ते वंगण, ज्याला दुकानात ल्युब्रिकंट जेली म्हणतात. संबंध असो वा नसो, आठवड्यातून दोन-तीनदा रात्री आत लावायचे आणि अस्तराला चिकटून ओलावा धरून ठेवणारे ते मॉइश्चरायझर. त्यात पॉलिकार्बोफिल किंवा हायल्युरॉनिक आम्ल असते. तुम्हाला बसल्यावरही टोचते, म्हणजे तुमचा त्रास फक्त संबंधापुरता नाही. त्यामुळे एकट्या वंगणाने तुमचे भागणार नाही. खोबरेल तेल हे वंगण आहे. घाण्याचे शुद्ध तेल असेल तर माझ्या अनुभवात बहुतेकींना ते सोसते आणि ते स्वस्तही आहे. मात्र केसांना लावायचे सुगंधी किंवा कापूर घातलेले तेल अजिबात नको. त्याने झालेली आग मी पाहिली आहे. दुसरे म्हणजे, तेलाने निरोधचे रबर कमकुवत होऊन फाटते. ही सूचना तुमच्या वयात अनावश्यक वाटेल, पण पन्नाशीच्या आत पाळी थांबली असल्यास पुढची दोन वर्षे गर्भनिरोधनाची काळजी घ्यावी असे आम्ही सांगतो, आणि तुमची अजून दोन वर्षे झालेली नाहीत. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली असेल तर हा प्रश्न सुटला. नसेल, तर निरोधबरोबर पाण्यावर आधारित किंवा सिलिकॉनची जेली वापरा. पाण्यावर आधारित जेली घेताना ‘गरम करणारी’, ‘थंडावा देणारी’, चव किंवा वास असलेली घेऊ नका. ग्लिसरीन जास्त असलेली जेलीही पेशींतील पाणी ओढून घेते आणि नंतर चुरचुरते.

एवढ्याने ज्यांचे भागते, त्यांनी तिथेच थांबावे. सौम्य त्रासात हे पुरते. तुमच्या वर्णनावरून तुमचा त्रास सौम्य वाटत नाही, आणि त्यात लघवीची जळजळ आहे, जिला तेल किंवा जेली काहीच करू शकत नाही. म्हणून कपाटातले ते मलम.

त्या पत्रकातील इशारा आला कुठून, हे समजून घ्या. २००२ मध्ये अमेरिकेत १६ हजारांहून अधिक स्त्रियांवरचा एक मोठा अभ्यास मुदतीआधी थांबवला गेला. त्यात सरासरी ६३ वर्षांच्या स्त्रिया रोज तोंडाने इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन या दोन हार्मोनांची एकत्रित गोळी घेत होत्या, आणि त्यांच्यात स्तनांचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या व पक्षाघात यांचे प्रमाण किंचित जास्त आढळले. त्यानंतर इस्ट्रोजेन असलेल्या प्रत्येक औषधाच्या पत्रकावर, ते तोंडाने घ्यायचे असो वा योनिमार्गात लावायचे, एकच इशारा छापला गेला. योनिमार्गात लावायच्या अल्प मात्रेच्या औषधाचा त्या अभ्यासात विचारच नव्हता. पुढे अशा औषधाचा वापर करणाऱ्या हजारो स्त्रियांची वर्षानुवर्षे नोंद ठेवल्यावर त्यांच्यात तो वाढीव धोका दिसला नाही. अखेर नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने पत्रकावरील त्या इशाऱ्याची ठळक चौकट काढण्याची प्रक्रिया सुरू केल्याचे जाहीर केले. आपल्याकडच्या खोक्यांत मात्र जुनी पत्रके अजून बराच काळ दिसत राहतील.

मात्रेचा हिशेबही करून दाखवते, कारण आकड्याने भीती जशी जाते तशी आश्वासनाने जात नाही. योनिमार्गात ठेवायची, एस्ट्राडायोल या इस्ट्रोजेनची एक गोळी १० मायक्रोग्रॅमची असते. पहिले १४ दिवस रोज एक आणि नंतर आठवड्यातून दोन असा तिचा क्रम असतो. वर्षभराची बेरीज सुमारे १.१ मिलिग्रॅम होते. तोंडाने घ्यायच्या उपचारात १ मिलिग्रॅमची गोळी रोज घेतली जाते. म्हणजे तिथे जेवढे औषध एका दिवसात घेतले जाते, तेवढे इथे वर्षात वापरले जाते, आणि तेही नेमके हवे त्या जागी. तुम्हाला दिलेले एस्ट्रिऑल हे तर इस्ट्रोजेनांपैकी सौम्य प्रकारचे आहे. त्याच्या १ ग्रॅम मलमात १ मिलिग्रॅम औषध असते आणि एका वेळी अर्धा ग्रॅम लावायचे असते. रक्तात जाणारा अंश कमी असल्यामुळे गर्भाशय असलेल्या बाईलाही याच्याबरोबर गर्भाशयाचे अस्तर जपणाऱ्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या घ्याव्या लागत नाहीत.

लावण्याची पद्धत मी अशी सांगते. रात्री झोपताना, संबंधाच्या आधी कधीही नाही, अर्धा ग्रॅम मलम बरोबर मिळालेल्या नळीने किंवा स्वच्छ बोटाने आत लावावे. त्यातले थोडे, हरभऱ्याच्या दाण्याएवढे, बाहेरच्या तोंडाशी आणि लघवीच्या जागेच्या खाली लावावे, कारण चिरा बहुधा तिथेच असतात आणि नळीने ते मलम आतच राहते. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे रोज, त्यानंतर आठवड्यातून दोनदा. नळी खूप आत ढकलायची गरज नाही. पहिल्या आठवड्यात थोडे चुरचुरले तर घाबरू नका. अस्तर इतके पातळ असते की त्याला कोणतेही मलम झोंबते. फरक दोन-चार आठवड्यांत जाणवू लागतो आणि पूर्ण परिणामाला आठ ते बारा आठवडे लागतात. दहा दिवसांत ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडून देणाऱ्या बायका फार, आणि तीन महिन्यांत बरे वाटले म्हणून सोडणाऱ्या त्याहून जास्त. दुसऱ्या गटातल्या सहा महिन्यांनी परत येतात. चष्मा काढला की जसे अंधूक दिसते, तसेच मलम थांबवले की अस्तर परत पातळ होऊ लागते. आठवड्यातून दोनदा हे दीर्घकाळ चालू ठेवायचे आहे आणि वर्षातून एकदा तपासणीला यायचे आहे. लघवीचा वारंवार होणारा संसर्गही यानेच कमी होतो. दर दोन महिन्यांनी अँटिबायोटिकचा कोर्स घेणाऱ्या एका साठीच्या बाईंचा कोर्स मलम सुरू केल्यानंतरच्या वर्षात एकदाच लागला.

मी थांबते ते स्तनांचा कर्करोग झालेल्या भगिनींच्या बाबतीत. लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल या गोळ्या चालू असतील, तर त्या शरीरातले इस्ट्रोजेन जवळपास शून्यावर आणण्यासाठीच दिलेल्या असतात, आणि तिथे बाहेरून दिलेला अल्प अंशही विचारपूर्वकच द्यावा लागतो. त्यांच्यासाठी मॉइश्चरायझर आणि वंगण नेटाने वापरणे ही पहिली पायरी. त्याने भागले नाही, तर त्यांच्या कर्करोगतज्ज्ञांशी बोलून निर्णय घेते, एकटी घेत नाही.

लेसरविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण या त्रासासाठी शोधाशोध केली की पुण्या-मुंबईच्या जाहिराती समोर येतात म्हणून लिहिते. अमेरिकेच्या त्याच नियामक संस्थेने २०१८ मध्ये या वापराविरुद्ध इशारा दिला होता, आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत खरा लेसर व खोटा लेसर यांच्यात वर्षभरानंतर फरक आढळला नाही. मी कोणालाही तिकडे पाठवत नाही. त्या पैशांत अनेक वर्षांचे मलम येते.

आता यजमानांविषयी. तुम्ही शेवटी, जवळजवळ क्षमा मागत लिहिले आहे की ‘माझ्यातच काही कमी झाले असेल’. ताई, तुमच्या अस्तरातले इस्ट्रोजेन कमी झाले आहे, तुमची माया नाही. वारंवार दुखले की शरीर पुढच्या वेळी आधीच सावध होते आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू नकळत आवळून घेते. मग अस्तर सुधारल्यावरही ते आवळणे राहते आणि दुखतच राहते. म्हणून मलम सुरू केल्यावर पहिले सहा ते आठ आठवडे प्रत्यक्ष संबंधाला विश्रांती द्या आणि हे यजमानांना आधीच सांगा. जवळीक थांबवायची नाही, फक्त दुखणारा भाग टाळायचा. त्या काळात पाठीवर झोपून, गुडघे वाकवून, सावकाश पोटाने श्वास घेत ते स्नायू सैल सोडण्याचा सराव रोज दहा मिनिटे करा. नंतर सुरुवात कराल तेव्हा वंगण भरपूर असू द्या आणि गती तुम्ही ठरवा. तरी आवळणे गेले नाही, तर या स्नायूंचे काम जाणणाऱ्या फिजिओथेरपिस्टची मदत होते. बोलायचे कसे, हा प्रश्न बहुतेकींना उपचारापेक्षा अवघड वाटतो. माझ्याकडे येणाऱ्यांना मी एकच वाक्य देते: “मला नको असते असे नाही, मला दुखते, आणि डॉक्टरांनी त्याचे कारण सांगितले आहे.” अनेकदा मी यजमानांनाच पुढच्या भेटीला बोलावते आणि पाच मिनिटांत चित्र काढून समजावते. शहराच्या पूर्व भागातले एक तेलुगूभाषक विणकर गृहस्थ ते चित्र पाहून बराच वेळ गप्प बसले आणि मग बायकोला तेलुगूत काहीतरी म्हणाले. तिने मला मराठीत सांगितले, “ते म्हणतात, आधी का नाही सांगितलंस.”

तुमच्याच शहरातल्या विडी वळणाऱ्या, टॉवेलच्या कारखान्यात काम करणाऱ्या भगिनी हे वाचत असतील, तर त्यांच्यासाठीही लिहिते. सात-आठ तास एका जागी बसायचे, स्वच्छतागृह लांब किंवा घाणेरडे, म्हणून दिवसभर पाणीच प्यायचे नाही, ही सवय कोरडेपणात लघवीच्या त्रासाला तेल ओतते. दर दोन-तीन तासांनी लघवीला जाणे हा इथे उपचाराचा भाग आहे. खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल, तर सिव्हिलच्या स्त्रीरोग बाह्यरुग्ण विभागात जावे. शहरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचेच ते रुग्णालय आहे. केसपेपर काढताना ‘पांढरे जाते’ असे संकोचाने सांगू नका, कारण तसे सांगितले की पुन्हा बुरशीची गोळी हातात पडण्याची शक्यता वाढते. ‘पाळी जाऊन इतके महिने झाले, कोरडेपणा आहे, संबंधाला दुखते’ असे सांगा.

ताई, तुमच्यापुरता क्रम असा. द्रव आणि बुरशीच्या गोळ्या आजपासून बंद. या आठवड्यात साखर आणि लघवीची तपासणी करून घ्या, आणि मलम लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडे किंवा अन्य स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन प्रत्यक्ष तपासणी मागून घ्या. गर्भाशयमुखाची तपासणी कधी झाली नसेल तर तीही त्याच वेळी होईल. कपाटातले मलम बरोबर न्या आणि त्याच्या मागची मुदत पाहून घ्या, कारण उघडलेली ट्यूब फार दिवस ठेवत नाहीत. रक्ताचा डाग एकदाही दिसलेला नसेल, स्तनांच्या कर्करोगाचा इतिहास नसेल आणि तपासणीत पांढरे चट्टे नसतील, तर त्याच रात्री पहिला अर्धा ग्रॅम लावा. आठ आठवड्यांनी लघवीची जळजळ कितपत राहिली आहे ते मला कळवा. मुख्यतः तिच्यावरूनच मी पुढचे ठरवीन.